डिरेक्टरीत एकाच नावाचे दोन ग्रुप झालेत, आता कुठला उडवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात पतसंस्था, फाउंड्री, कॉलेजं, साखर कारखाने यांचे सर्व्हर सांभाळणारी आपण मंडळी बहुतेक एकेकटीच काम करतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणारा आणि डोमेन कंट्रोलर बघणारा माणूस एकच. अडलं की एकमेकांना फोन करायचा, एवढाच आधार. अशा फोनांवर मला ग्रुपबद्दल जे पुन:पुन्हा विचारलं गेलं, ते इथे एकत्र केलंय. विषय मुख्यतः विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे ऑफिसातली माणसं, कॉम्प्युटर आणि परवानग्यांसाठी केलेले त्यांचे ग्रुप यांच्या नोंदवहीचा आहे, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीच आहे. ही नोंदवही जितक्या पसाऱ्याला लागू ते डोमेन, आणि ती सांभाळणारे सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर, थोडक्यात डीसी. कमांडची आणि फील्डची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

एका नावाचे दोन ग्रुप होतातच कसे? सिस्टीम अडवत नाही?

एकाच सर्व्हरवर, एकाच ओयूमध्ये (डिरेक्टरीतल्या कप्प्यात) बनवायला गेलात तर अडवते. अडचण अशी की डोमेन कंट्रोलर एकापेक्षा जास्त असतात आणि साधा डीसी असेल तर त्यातला प्रत्येक जण लिहून घेतो. आधी आपल्याकडे नोंद करायची, मग बाकीच्यांना कळवायचं, अशी ही पद्धत. एकाच साइटमध्ये, म्हणजे एका जागच्या नेटवर्कमध्ये, डीसी १५ सेकंदांनी पहिल्या जोडीदाराला खबर देतो. दोन साइट्सच्या मधली मुदत मात्र मुळात १८० मिनिटांची असते. ती आपण १५ मिनिटांपर्यंत खाली आणू शकतो. आणि मधली लाइनच तुटली असेल तर मुदत कितीही ठेवा, उपयोग शून्य.

जुलैतली एक गोष्ट सांगतो. एका संस्थेचं मुख्य ऑफिस टिळकवाडीत, शाखा खानापुरात, दोन्हीकडे डीसी. पावसात फायबर तुटली ती दोन दिवस जोडली गेली नाही. व्यवस्थापकांनी दोन्हीकडच्या पोरांना फोनवर सांगितलं, की कर्ज तपासणीचा एक ग्रुप बनवा. दोघांनी इमानदारीत बनवला, त्याच नावाचा, त्याच ओयूमध्ये. तिसऱ्या दिवशी लाइन आली आणि खानापूरचा पोरगा फोनवर, "अण्णा, ग्रुप दोन दोन दिसायलेत की!" दोघांपैकी कुणाचीच चूक नव्हती.

दुसरा मार्ग याहून साधा. वेगवेगळ्या ओयूमध्ये एकाच नावाचे ग्रुप चालतात, फक्त विंडोज २००० च्या आधीचं म्हणून जे नाव विचारतात ते संपूर्ण डोमेनमध्ये वेगळं हवं. माणूस 'अकाउंट्स' टाइप करतो, नाव घेतलेलं आहे असा निरोप येतो, तो खालच्या चौकटीत शेवटी एक आकडा जोडतो आणि पुढे जातो. यादीत मग दोन 'अकाउंट्स' दिसतात. तिथे डिरेक्टरीच्या दृष्टीने तक्रार काहीच नाही, गोंधळ माणसांचा आहे. निस्तरायला मात्र हाच प्रकार जास्त वेळ खातो.

नावापुढे सीएनएफ आणि भलामोठा आकडा दिसतोय. व्हायरस का?

नाही. सीएनएफ म्हणजे कॉन्फ्लिक्ट. एकाच ओयूमध्ये एकाच नावाची दोन ऑब्जेक्ट्स, म्हणजे नोंदी, समोरासमोर आली की डिरेक्टरी एकाला मूळ नाव ठेवते आणि दुसऱ्याच्या नावाला शेपूट जोडते: आधी एक नवी ओळ, मग सीएनएफ, मग कोलन, मग त्या ऑब्जेक्टचा जीयूआयडी, म्हणजे फक्त त्याचाच असा ओळख-क्रमांक. नवी ओळ अशासाठी की कुठलाही माणूस नावात एंटर दाबत नाही. त्यामुळे हे बदललेलं नाव पुन्हा कशाशी धडकण्याची शक्यता राहत नाही. कन्सोलमध्ये त्या जागी कधी चौकोन दिसतो, कधी नाव नुसतं चिकटलेलं दिसतं.

शोधायचं तर कन्सोलमध्ये आधी व्ह्यू मेनूतलं ॲडव्हान्स्ड फीचर्स चालू करा आणि नावात सीएनएफ असलेली ऑब्जेक्ट्स शोधा. फक्त ग्रुप शोधून थांबू नका. ग्रुप दुहेरी झाला असेल तर त्याच काळात एखादा कॉम्प्युटर किंवा अख्खा ओयूही झालेला असतो. लॉस्ट अँड फाउंड नावाचा कंटेनरही उघडून बघा. एका डीसीवर ओयू डिलीट झाला आणि त्याच वेळी दुसऱ्या डीसीवर त्या ओयूमध्ये ग्रुप बनला, तर तो बिनघरचा ग्रुप तिथे येऊन पडतो. मी पाहिलेल्या निम्म्या ठिकाणी तो कंटेनर आजवर कुणी उघडलेलाच नव्हता.

मूळ नाव कुणाला मिळतं? आधी बनवलेल्याला ना?

सगळ्यांना तसंच वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. डिरेक्टरी दोन्हींच्या नावाच्या नोंदीवरचा शिक्का बघते: आधी आवृत्ती क्रमांक, तो सारखा असेल तर वेळ, तीही सारखी असेल तर ज्या डीसीवर लिहिलं त्याची ओळख. दोन्ही ग्रुप नवेकोरे असतील तर आवृत्ती दोघांची एकच, म्हणजे निकाल वेळेवर, आणि नंतरचा जिंकतो. शेपूट आधीच्याला लागतं. मधल्या काळात एखाद्याचं नाव बदलून झालं असेल तर त्याची आवृत्ती वाढलेली असते, मग तो आधीचा असूनही जिंकू शकतो.

यातून घ्यायचं ते एवढंच: नाव स्वच्छ आहे म्हणून तो ग्रुप खरा, असं काही नाही. खानापूरच्या गोष्टीत मेंबर, फोल्डर, सगळं ज्या ग्रुपला जोडलेलं होतं तोच सीएनएफ झाला होता. चांगल्या नावाचा दुसरा ग्रुप रिकामा होता.

म्हणजे सीएनएफवाला सरळ डिलीट करायचा नाही?

बघितल्याशिवाय नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

फोल्डरच्या परवानग्यांमध्ये ग्रुपचं नाव लिहिलेलं नसतं. तिथे असतो सिड, एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांब क्रमांक. आपल्याला स्क्रीनवर जे नाव दिसतं ते त्या क्षणी डिरेक्टरीला विचारून दाखवलेलं असतं. आपल्याकडे एका गल्लीत दोन मारुती पाटील असतात. जमिनीचा व्यवहार करताना आपण नावावर विसंबतो का? सर्व्हे नंबर बघतो. इथे सर्व्हे नंबर म्हणजे सिड. ग्रुप डिलीट झाला की सिड मेला, आणि त्याच नावाचा नवा ग्रुप बनवला तर त्याला नवा सिड मिळतो. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबवर मग नावाऐवजी नुसता क्रमांक दिसायला लागतो. तसा क्रमांक दिसला की समजायचं, इथे आधी कुणीतरी घाई केलेली आहे.

उलट बाजूही आहे. सीएनएफवाला ग्रुप खरोखर रिकामा, कुठेच न जोडलेला असू शकतो आणि मग तो उडवायला हरकत नाही. पण हे तपासून म्हणायचं, चेहरा बघून नाही.

तपासायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी रेप्लिकेशन, म्हणजे डीसींनी एकमेकांना बदल कळवणं. रेपॲडमिन या कमांडनं त्याचा सारांश काढा आणि सगळे डीसी एकमेकांशी बोलतायत याची खात्री करा. लाइन अजून अडखळत असताना दुरुस्तीला हात घातलात तर नवा कॉन्फ्लिक्ट तुम्हीच तयार कराल. आणि सगळी दुरुस्ती एकाच डीसीवर बसून करा.

मग दोन्ही ग्रुपची माहिती शेजारी-शेजारी मांडा. सिड, जीयूआयडी, कधी बनला, प्रकार आणि स्कोप (ग्रुप कुठवर चालतो ते), मेंबर कोण, तो स्वतः कुठल्या ग्रुपचा मेंबर आहे, मॅनेज्ड-बायमध्ये कुणाचं नाव, मेल पत्ता आहे का, वर्णनात कुणी काही लिहिलंय का. तारखांबाबत एक सावधगिरी: बनल्याची तारीख सगळ्या डीसींवर सारखी असते, पण शेवटच्या बदलाची तारीख रेप्लिकेट होत नाही, ती प्रत्येक डीसीची आपापली. त्या तारखेवरून 'हा कालपर्यंत वापरात होता' असं ठरवू नका.

खरं काम यानंतर. दोन्ही सिड कुठे कुठे वापरलेत ते शोधायचं. फाइल सर्व्हरवर आयकॅक्ल्स कमांडला सिड देऊन अख्खा फोल्डर चाळता येतो. टॅलीचा डेटा, स्कॅन केलेले दाखले, पगाराचा फोल्डर, हे नेहमीचे यशस्वी. शेअरच्या परवानग्या वेगळ्या असतात, त्या विसरू नका. पुढे ग्रुप पॉलिसीचं (डिरेक्टरीतून कॉम्प्युटरवर लावलेल्या सेटिंग्जचं) फिल्टरिंग, ओयूवर दिलेले अधिकार, एसक्यूएल सर्व्हरचे लॉगिन, प्रिंटर, वायफायचं लॉगिन तपासणारा रेडियस. फायरवॉल आणि व्हीपीएनच्या पेट्यांची तऱ्हा आणखी वेगळी: त्यातल्या बऱ्याच सिड बघत नाहीत, ग्रुपचं नाव किंवा पूर्ण पत्ताच जसाच्या तसा जुळवतात. तिथे सीएनएफ झालेला ग्रुप त्या दिवसापासून चालतच नसणार.

दोन्ही कामाचे निघाले तर एकत्र कसे करायचे?

आधी एक ठरवा: टिकवायचा कोण. माझा नियम असा की ज्याचा सिड जास्त ठिकाणी, बदलायला जास्त कटकटीच्या ठिकाणी बसलाय, तो ठेवायचा. नाव काय आहे याचा विचार शेवटी. नाव दोन मिनिटांत बदलतं, पाच हजार फोल्डरांवरच्या परवानग्या बदलायला रविवार जातो.

मेंबरांची नुसती बेरीज करू नका. दोन याद्या वेगळ्या आहेत त्यामागे कारण असू शकतं. यादी छापून त्या खात्याच्या प्रमुखाकडे न्या, सही घ्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले मामा अजून मेंबर आहेत हे तिथेच कळतं.

बेरीज नडल्याचा एक अनुभव माझाच. एका फाउंड्रीत दोन हिशेब-ग्रुप होते. एकाला पगाराच्या फोल्डरवर परवानगी, दुसऱ्याला त्याच फोल्डरवर स्पष्ट नकार. बाहेरून तात्पुरत्या येणाऱ्या तपासनिसांसाठी तो नकार कुणीतरी कधीकाळी लावलेला. मी परवानग्या बघितल्या, नकार बघितले नाहीत, आणि सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घातलं. एकाच ठिकाणी परवानगी आणि नकार दोन्ही थेट लावलेले असतील तर नकार जिंकतो. दुसऱ्या दिवशी पगारवाटप. हिशेबाच्या अक्का माझ्या टेबलापाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. तेव्हापासून मी नकाराच्या नोंदी सगळ्यांत आधी शोधतो.

मेंबर ठरले की टिकणाऱ्या ग्रुपला तेवढे मेंबर द्या आणि जाणाऱ्या ग्रुपच्या जिथे जिथे परवानग्या आहेत तिथे टिकणाऱ्याची नोंद वाढवा. ते एका दिवसात होण्यासारखं नसेल तर टिकणारा ग्रुप जाणाऱ्या ग्रुपचा मेंबर करून ठेवा. माणसं एकाच ग्रुपमध्ये राहतात आणि जुन्या परवानग्याही चालू राहतात. घर बदलताना जुन्या पत्त्यावरची पत्रं महिनाभर वळवून घेतो, तसं.

शेवटी जाणारा ग्रुप लगेच डिलीट न करता त्याचा प्रकार सिक्युरिटीवरून डिस्ट्रिब्युशन करा. विंडोज इशारा देतं, तो बरोबरच असतो: हा ग्रुप आता लॉगिनच्या टोकनमध्ये (लॉगिन करताना बनणाऱ्या ग्रुपांच्या यादीत) येणार नाही, म्हणजे त्याच्या परवानग्या बंद. पण सिड तोच राहतो. कुणी ओरडलं तर पुन्हा सिक्युरिटी करा, सगळं पूर्ववत. कुणी ओरडत नाही याची वाट किती दिवस बघायची? निदान एक महिनाअखेर जाऊ द्या. पतसंस्था असेल तर ३१ मार्च आणि कारखाना असेल तर गाळप हंगामाची सुरुवात, या दोन वेळा उलटल्याशिवाय मी काही कायमचं उडवत नाही. वर्षातून एकदाच चालणारे रिपोर्ट तेव्हाच चालतात.

एकाचा सिड दुसऱ्याला चिकटवता येत नाही का? सिडहिस्टरी म्हणून काही असतं म्हणे.

असतं. पण ते एका डोमेनमधून दुसऱ्या डोमेनमध्ये स्थलांतर करताना वापरायचं, तेही त्यासाठी बनवलेल्या साधनांनी. एकाच डोमेनमधल्या दोन ग्रुपचं लग्न लावायला ते नाही. कुठे काही क्लृप्त्या वाचनात आल्या तर त्या चालत्या डोमेनवर करून बघू नका.

स्कोप वेगळे आहेत: एक ग्लोबल, एक डोमेन लोकल. अडचण?

एकच डोमेन असेल तर फारशी नाही. बदलायचाच असेल तर ग्लोबलचा थेट डोमेन लोकल होत नाही; आधी युनिव्हर्सल, मग डोमेन लोकल. ग्लोबल ग्रुप दुसऱ्या ग्लोबलचा मेंबर असेल तर पहिलीच पायरी अडेल, आधी तिथून काढा.

शहराचं नाव बदललं तेव्हाचे जुने ग्रुप अजून आहेत. नाव बदललं तर परवानग्या जातील का?

हा खास आपल्या भागातला प्रश्न, आणि मला सगळ्यात आवडतो. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं सरकारी कागदावर बदलली. बेळगाव, हुबळी, विजापूर, गुलबर्गा त्यातलीच. डिरेक्टरीत जुन्या इंग्रजी स्पेलिंगचे ग्रुप होतेच. कुठे कुणी ते तसेच ठेवले, कुठे कुणी नव्या स्पेलिंगचे दुसरे बनवले. त्यात निपाणीला इंग्रजीत एक 'पी' की दोन, चिक्कोडीला एक 'के' की दोन, खानापूरच्या शेवटी 'ए' लावायचा की नाही, यावर दोन माणसांचं कधी एकमत होत नाही. कुणी हौसेनं देवनागरीत नाव दिलं तर 'बेळगाव' आणि 'बेळगांव' हेही दोन ग्रुप होतात. जुनं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं देवनागरीत उतरवलं तर 'बेलगाम' होतं, आणि काही ठिकाणची ग्रुपची यादी बघून मला तेच नाव योग्य वाटतं.

उत्तर असं: नाव बदलल्यानं सिड बदलत नाही, त्यामुळे फोल्डर, पॉलिसी, शेअर सगळं चालू राहतं. ग्रुप एका ओयूतून दुसऱ्यात हलवला तरी तसंच. २०१४ साली नवे ग्रुप बनवण्याची गरजच नव्हती. जुन्यांची नावं बदलली असती तर भागलं असतं. मोडतं ते फक्त नाव किंवा पत्ता जुळवणाऱ्या ठिकाणी: वर सांगितलेल्या व्हीपीएनच्या पेट्या, हजेरीचं सॉफ्टवेअर, कुणीतरी लिहून ठेवलेल्या लॉगिन स्क्रिप्ट. नाव बदलण्याआधी तेवढ्यांची यादी करा. आणि नाव बदलताना दोन्ही चौकटी बदला, मुख्य नाव आणि विंडोज २००० च्या आधीचं नाव. एक बदलून दुसरं जुनंच ठेवणं ही तर आपली राष्ट्रीय सवय.

सीएनएफवाला ग्रुप टिकवायचा ठरला असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी दुसऱ्याचं नाव बदलून मूळ नाव मोकळं करा, ते सगळ्या डीसींवर पोचू द्या, मग याचं शेपूट काढा.

खालच्या नावात डॉलर, मग डुप्लिकेट असा शब्द आणि आकडा आलाय. हे काय नवीन?

तोच आजार, दुसऱ्या जागी. विंडोज २००० च्या आधीचं नाव डोमेनमध्ये दोनदा सापडलं की डीसी त्यातल्या एकाचं बदलून टाकतो आणि पुढे त्या ऑब्जेक्टचा आरआयडी, म्हणजे सिडचा शेवटचा भाग, लावतो. मुख्य नाव ठीक आणि हे बिघडलेलं, किंवा याच्या उलट, असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही बघा. दुरुस्ती वरचीच.

दोघांनी एकाच ग्रुपमध्ये एकाच वेळी वेगवेगळे मेंबर घातले तर?

आता काही होत नाही, दोन्ही राहतात. फॉरेस्ट लेव्हल (सगळ्या डोमेनांसाठी मिळून ठरवलेली विंडोजची पातळी) २००३ किंवा पुढची असेल तर प्रत्येक मेंबरची नोंद वेगळी रेप्लिकेट होते. त्याआधी अख्खी यादी एकच नोंद म्हणून जायची, आणि नंतर लिहिणाऱ्याची यादी आधीच्याची पुसून टाकायची. तुमचं डोमेन त्या काळापासून चालत आलेलं असेल तर जुने मेंबर अजून जुन्याच पद्धतीने नोंदलेले असू शकतात. रेपॲडमिनमध्ये ग्रुपचा मेटाडेटा काढला की त्यांच्यापुढे 'लेगसी' लिहिलेलं दिसतं. ते मेंबर काढून पुन्हा घातले की नवी नोंद होते. घाई नाही, निवांत वेळी करा.

बंद शाखेतला जुना सर्व्हर चालू केला आणि डिलीट केलेले ग्रुप परत आले!

भुतं नाहीत. त्यांना लिंगरिंग ऑब्जेक्ट म्हणतात. ग्रुप डिलीट केला की त्याची 'मेला' अशी खूण ठरावीक दिवस ठेवली जाते, म्हणजे सगळ्या डीसींना बातमी पोचते. ही मुदत आताच्या डोमेनमध्ये १८० दिवस, फार जुन्यांत ६०. कपाटात वर्षभर पडलेल्या सर्व्हरला ती बातमी पोचलीच नाही आणि आता खूणही पुसली गेली. त्याच्या लेखी ग्रुप जिवंतच. इव्हेंट लॉगमध्ये २०४२ किंवा १९८८ हा क्रमांक दिसला तर हेच समजा. १३८८ दिसला तर वाईट, कारण तेव्हा तो ग्रुप इतरांकडेही पोचलेला असतो.

रेपॲडमिनमध्ये अशी ऑब्जेक्ट्स काढायची सोय आहे. ती आधी फक्त सूचना देण्याच्या मोडमध्ये चालवा, काय जाणार ते लॉगमध्ये वाचा, मगच खरी चालवा. शाखेतला सर्व्हर असेल तर मी इतका खटाटोप करत नाही. नेटवर्कची वायर काढतो, त्याचं डीसीपण जबरदस्तीनं उतरवतो, डिरेक्टरीतली त्याची नोंद साफ करतो आणि नव्यानं डीसी करतो.

दोन वेगळ्या ग्रुपचा सिडच एक असू शकतो?

व्हायला नको, पण होतो. सिडचे शेवटचे आकडे आरआयडी मास्टर ही भूमिका सांभाळणारा डीसी वाटतो, प्रत्येक डीसीला ५०० चा गठ्ठा. मास्टर बंद पडला म्हणून भूमिका दुसऱ्यानं ओढून घेतली आणि नंतर कुणी जुना मास्टर पुन्हा चालू केला, किंवा डीसीची व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर मागे नेली, तर तेच आकडे पुन्हा वाटले जाऊ शकतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून डीसीला स्नॅपशॉटचा सुगावा लागतो, पण होस्टनंही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्यवस्थेनंही, साथ द्यावी लागते.

एनटीडीएसयूटिल या कमांडमध्ये दुहेरी सिड तपासायची सोय आहे. त्याच्याच शेजारी साफ करायचीही आहे. ती दोन्हीकडचं ऑब्जेक्ट उडवते. तपासा खुशाल. साफ करण्याआधी बॅकअप, आणि ज्यानं हे आधी केलंय अशा कुणालातरी फोन.

लिनक्सच्या स्टोरेजवर एका ग्रुपच्या फाइली दुसऱ्या ग्रुपच्या नावावर दिसतात.

तिथे सिडऐवजी जीआयडी चालतो, साधा छोटा आकडा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तो आकडा भरायची जागा आहे पण तो दुसऱ्या कुणाला दिलाय का हे ती बघत नाही. दोघांना १०००१ दिला तर लिनक्सला जो आधी सापडेल त्याचं नाव दिसतं, आणि परवानगी मात्र दोघांनाही मिळते. दुसरा भाग जास्त गंभीर. एकाचा आकडा बदला आणि मग त्याच्या फाइलींची मालकी बदला. जुना आकडा असलेल्या फाइली नक्की कुणाच्या हे मात्र माणसांना विचारूनच ठरवावं लागेल. लिनक्सवरची ओपनएलडॅप ही डिरेक्टरी वापरत असाल तर त्यात एकमेवपणा तपासणारं 'युनिक' नावाचं ओव्हरले (वरून लावायचा जोड-भाग) आहे, ते लावून टाका.

क्लाउडमध्येही दोन दोन दिसतात.

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या डिरेक्टरीत, एन्ट्रा आयडीत, म्हणजे २०२३ पर्यंतच्या अझूर एडीत, एकाच दिसणाऱ्या नावाचे कितीही ग्रुप बनतात. तिथे तो कॉन्फ्लिक्टच नाही. तिथे ओळख ऑब्जेक्ट आयडीची. कॉन्फ्लिक्ट होतो तो मेल पत्त्याचा: ऑफिसमधून सिंक होणारा ग्रुप आणि क्लाउडमध्ये कुणी हातानं बनवलेला ग्रुप एकच पत्ता मागतात. सिंकच्या त्रुटींत बघा, एकाचा पत्ता बदला. सिंक होणाऱ्या ग्रुपची दुरुस्ती नेहमी ऑफिसच्या डिरेक्टरीत करायची.

सगळं नीट केलं, तरी माणसाला फोल्डर उघडत नाही.

लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. खरंच. कुठल्या ग्रुपमध्ये आहोत हे लॉगिनच्या वेळी टोकनमध्ये लिहिलं जातं, आणि लॉगिनच्या केर्बरोस पद्धतीत मिळणारं तिकीट मुळात १० तास चालतं. लॅपटॉपचं झाकण मिटून घरी जाणारी मंडळी आठवडाभर जुन्याच टोकनवर असतात.

तरीही नसेल आणि माणूस शेकडो ग्रुपमध्ये असेल, तर टोकन फुगलेलं असू शकतं. एका टोकनमध्ये जास्तीत जास्त १,०१५ ग्रुप बसतात. आपल्याकडे इतके कुणाचे नसतात, पण ग्रुपच्या पोटात ग्रुप, त्याच्या पोटात ग्रुप अशी मांडणी असलेल्या एका कॉलेजात मी हा आकडा जवळ आलेला पाहिलाय.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

छोट्या शाखेत लिहिता येणारा डीसी ठेवूच नका. विंडोज सर्व्हर २००८ पासून फक्त-वाचनाचा डीसी मिळतो. त्याच्यावर ग्रुप बनतच नाही, त्यामुळे कॉन्फ्लिक्टही नाही. ग्रुप बनवायचा अधिकार एकाच माणसाला, आणि तो सुट्टीवर असताना दुसऱ्या एकाला. वर्णनाच्या चौकटीत कुणी मागितला आणि कशासाठी, एवढी एक ओळ.

नावात गाव घालायचं असेल तर गावाचं नाव न घालता आकडा घाला. मी गाड्यांच्या पाट्यांचे आकडे वापरतो: बेळगाव २२, चिक्कोडी २३, बैलहोंगल २४, गोकाक ४९. शहराचं नाव बदललं तेव्हा पाटीवरचा आकडा बदलला नाही, आणि इथल्या कुठल्याही माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. निपाणीच्या गाड्याही २३ च्याच, म्हणून निपाणीला मी २३ च्या पुढे एक अक्षर जोडतो. तिथल्या पोरांना ते अजून मान्य नाही.

नको तोच ग्रुप डिलीट झाला. आता?

हात थांबवा. त्याच नावाचा नवा ग्रुप बनवू नका. नवा सिड कुठल्याच कुलुपाला लागणार नाही, शिवाय जुना परत आणताना नाव अडेल.

रिसायकल बिन चालू असेल तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमध्ये डिलीटेड ऑब्जेक्ट्स उघडा, ग्रुप निवडा, रिस्टोअर. तोच सिड आणि मेंबरसकट परत येतो. घाबरून आधीच कुणी नवा बनवला असेल तर त्या नव्याचं नाव बदलून मग रिस्टोअर करा. रिसायकल बिन विंडोज सर्व्हर २००८ आर२ च्या फॉरेस्ट लेव्हलपासून मिळतो, पण आपोआप चालू होत नाही आणि एकदा चालू केला की बंद करता येत नाही. तो नसेल तर मेलेलं ऑब्जेक्ट उठवता येतं, सिड मिळतो, पण मेंबरांची यादी गेलेली असते. मघाशी खातेप्रमुखाची सही घेतलेला जो कागद सांगितला, तो मग फाइलीतून बाहेर काढायचा.